विचारा तर खरं : कार्टूनांची कुस्ती आणि बंद पडलेला सर्व्हर

या खेपेच्या टपालात एकाच जातीच्या गेमबद्दल पत्रांचा ढीग आहे: टीव्हीवरची ओळखीची कार्टूनं घेऊन केलेले, दोघा-चौघांनी मिळून खेळायचे 'प्लॅटफॉर्म फायटर'. हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुस्तीत पाठ टेकली की संपलं. इथे पाठ शंभरदा टेकली तरी चालते, मात्र आखाड्याबाहेर उडालात की एक जीव गेला. मार बसेल तसा अंगावरचा टक्का वाढतो, आणि टक्का जितका जास्त तितका पुढचा फटका लांब फेकतो. १९९९ साली निंटेंडोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स'ने ही रीत रुळवली. खालचे सगळे गेम त्याच तालमीतले.

प्रश्न : माझ्या पोराचा 'मल्टिव्हर्सस' गेम होता. टॉम-जेरी, बॅटमॅन, शॅगी असं सगळं त्यात. काही पात्रं पैसे घालून घेतलेली. लॅपटॉप दुरुस्तीला दिला, तिथं फॉरमॅट करून दिलं. आता स्टोअरमध्ये गेमच सापडत नाही. परत मिळवाय काय करायचं? (एक पालक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : बहुधा मिळणार नाही. आशा दाखवून तुम्हाला दुकानाच्या फेऱ्या मारायला लावण्यापेक्षा कारण सांगतो.

'मल्टिव्हर्सस' प्लेयर फर्स्ट गेम्स या स्टुडिओने वॉर्नर ब्रदर्ससाठी केला. जुलै २०२२ मध्ये तो खुल्या बीटाच्या, म्हणजे सर्वांना खुल्या चाचणी आवृत्तीच्या, रूपात आला, फुकट. दोन विरुद्ध दोन हा मुख्य प्रकार, आणि जोडीदाराला दोरीने ओढून वाचवायचं किंवा त्याच्यावर ढाल धरायची असे डाव. तेव्हा त्याचं कौतुकही खूप झालं. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम फायटिंग गेमचा मान त्यालाच मिळाला. मग जून २०२३ मध्ये तो बंद केला. बीटा होता म्हणून बंद केला, असं कागदोपत्री बरोबर होतं, पण लोकांनी तोवर पैसे घालून 'फाउंडर्स पॅक' घेतले होते. सुरुवातीपासून दुकान उघडं ठेवलेल्या गेमला बीटा म्हणणं हा शब्दांचा खेळ झाला, आणि नाराजीची मुळी तिथेच रुजली.

२८ मे २०२४ ला तो नव्या इंजिनावर (ज्या सॉफ्टवेअरच्या पायावर गेम उभा राहतो ते), म्हणजे अनरियल ५ वर, परत आला. गर्दी झाली आणि लगेच पांगली. तक्रारी नेमक्या होत्या: हालचाल जड झाली, कॅमेरा इतका जवळ आला की आखाडा लहान वाटू लागला, आधी असलेल्या छोट्या सोयी गायब झाल्या आणि नवं पात्र मिळवायचं तर एक तर घासत बसा, नाही तर 'ग्लीमियम' नावाचं आतलं चलन विकत घ्या. त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने या गेमपायी १० कोटी डॉलरच्या घरातली रक्कम बुडीत दाखवली. ३० मे २०२५ ला सर्व्हर बंद झाला आणि गेम स्टोअरमधूनही उतरवला गेला. गंमत म्हणजे ४ फेब्रुवारीला सुरू झालेल्या शेवटच्या, पाचव्या सीझनमध्ये वेग वाढवला होता आणि जुन्या खेळाडूंना तो आवडलाही होता. वरातीमागून घोडं.

आता तुमच्या कामाचं. बंद करताना कंपनीने एक दार उघडं ठेवलं: ४ फेब्रुवारी ते ३० मे २०२५ या काळात ज्याने गेमची शेवटची आवृत्ती टाकून एकदा तरी लॉगिन केलं, त्याच्या यंत्रावर एक सेव्ह फाइल तयार झाली. त्या फाइलच्या जोरावर इंटरनेटशिवाय, एकट्याने संगणकाविरुद्ध किंवा एकाच पडद्यावर आणखी तिघांपर्यंत मित्रांना घेऊन खेळता येतं, मिळवलेल्या आणि विकत घेतलेल्या पात्रांसकट. फॉरमॅटमध्ये गेली ती हीच फाइल. ती नव्याने बनवून देणारा सर्व्हर आता नाही.

एक धागा शिल्लक आहे. दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क बदलून नवी बसवली असेल आणि जुनी तुम्हाला परत दिली असेल, तर ती जपून ठेवा आणि तिच्यावर नवीन काही लिहू नका. त्याच डिस्कवर फॉरमॅट मारून विंडोज टाकलं असेल आणि ती डिस्क एसएसडी असेल, तर डेटा परत मिळवण्याच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. एसएसडी पुसलेली जागा स्वतःच रिकामी करून टाकते.

आणि ज्यांच्याकडे हा गेम अजून चालतो आहे त्यांनी लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी 'फॉरमॅट करू नका' हे पावतीवर लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं.

प्रश्न : 'निकलोडियन ऑल-स्टार ब्रॉल'चा पहिला भाग घ्यावा की दुसरा? पहिल्याला नावं का ठेवतात? (कॉलेज विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : दोन-चार मित्र जमवून खेळायचं असेल तर दुसरा. फक्त हात साफ करायचा असेल आणि सवलतीत स्वस्त मिळत असेल तर पहिलाही वाईट नाही.

पहिला भाग ऑक्टोबर २०२१ मध्ये आला. स्वीडनच्या लुडोसिटीने कोस्टा रिकाच्या फेअर प्ले लॅब्सच्या साथीने केला आणि गेममिलने प्रकाशित केला. सुरुवातीला २० पात्रं: स्पंजबॉब, पॅट्रिक, आंग, टॉफ, कोरा, झिम, डॅनी फँटम वगैरे. लुडोसिटीने आधी 'स्लॅप सिटी' नावाचा याच जातीचा गेम केलेला, त्यामुळे मुळाक्षरं पक्की होती. हवेत तिरका झोका घेऊन जमिनीवर घसरायची युक्ती, जिला खेळाडू 'वेव्हडॅश' म्हणतात, ती इथे नवशिक्याला अर्ध्या तासात जमते. ऑनलाइनसाठी रोलबॅक होता (तो काय ते पुढच्या उत्तरात). स्पर्धेत उतरणारे खेळाडू म्हणूनच खूश होते.

घरात बसून खेळणाऱ्याला मात्र पहिल्याच मिनिटाला खटकलं: पात्रं मुकी! स्पंजबॉब हसत नाही, झिम ओरडत नाही. कार्टूनचा निम्मा जीव आवाजात असतो. ज्या पोराने तो कार्यक्रम रोज संध्याकाळी ऐकला आहे त्याला हे मूकनाट्य वाटणारच. शिवाय उचलून फेकायच्या वस्तू नाहीत आणि एकट्याने खेळायला फारसं काही नाही. परीक्षणांत हीच दोन वाक्यं आलटून-पालटून दिसतात: मारामारी उत्तम, सजावट गरिबाची. आवाज जून २०२२ मध्ये फुकट अपडेटमधून आले, वस्तूही पुढे आल्या. पण पहिलं मत तोवर छापून झालं होतं, आणि जुनी परीक्षणं कोणी पुसत नाही. म्हणून आज पहिल्या भागाबद्दल वाचताना परीक्षणाची तारीख आधी बघा.

दुसरा भाग नोव्हेंबर २०२३ चा. या वेळी फेअर प्ले लॅब्सने केला. आवाज पहिल्या दिवसापासून, २५ पात्रं, एकट्यासाठी मोहीम आणि 'स्लाइम मीटर'. मारता-मारता हा मीटर भरतो, तो खर्चून डाव जोरात मारता येतो किंवा चालू डाव मधेच तोडता येतो. नवशिके तो साठवून ठेवतात आणि तसेच मरतात. खर्च करायला शिका.

घेण्याआधी एक बघा: पहिल्यातली सगळी पात्रं दुसऱ्यात नाहीत. टॉफ, कॅटडॉग, लिओनार्डो, मायकलँजेलो गेले. निंजा कासवांपैकी राफाएल आणि डोनाटेलो आले. धाकट्या भावासाठी घेत असाल तर त्याचं लाडकं पात्र यादीत आहे का हे बघूनच पैसे भरा, नाही तर घरात वेगळी फायटिंग सुरू होईल.

स्टीमवर (संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान) घेणार असाल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांच्या आत असेल तर परतावा मागता येतो. या २ तासांत आधी आपल्या लॅपटॉपवर चारही पात्रं पडद्यावर आणून गेम अडखळतो का ते तपासा. दोन पात्रांवर गुळगुळीत चालणारा गेम चारांवर रखडू शकतो.

प्रश्न : फायबर १०० एमबीपीएसचं आहे, स्पीड टेस्ट चांगली येते, तरी पुण्यातल्या मित्राबरोबर खेळताना पात्र मधेच एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारतं. कंपनी म्हणते लाइन ठीक आहे. (एक वाचक, अनगोळ)

उत्तर : कंपनी खोटं बोलत नसेल. या गेमला १०० एमबीपीएस नकोच असतात. एका सामन्यात जाणारा-येणारा डेटा चिमूटभर असतो. त्याला लागतं वेळेवर पोचणं.

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. मित्राने दाबलेलं बटण तुमच्याकडे पोचायला ३० मिलिसेकंद लागले तर तो जवळपास दोन चित्रं मागे आहे. जुनी पद्धत अशी की त्याचं बटण येईपर्यंत तुमचंही बटण रोखून ठेवायचं. त्यामुळे सगळंच चिखलात चालल्यासारखं जड. रोलबॅकमध्ये गेम थांबत नाही. तो अंदाज बांधतो की मित्र आधीचंच बटण दाबून असेल, आणि पुढे जातो. खरं बटण आल्यावर अंदाज चुकला असेल तर मागे जाऊन ती दोन चित्रं पुन्हा मांडतो. दोन चित्रांची दुरुस्ती डोळ्याला कळत नाही. दहा-बारा चित्रांची कळते, आणि तीच तुमची 'उडी'.

म्हणजे दोष सरासरी पिंगचा (डेटा जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा) नाही, मधेच उसळणाऱ्या पिंगचा. सतत ७० असलेला पिंग चालतो, पण ३० वरून अधूनमधून २०० वर जाणारा चालत नाही.

कुठे अडतं ते असं शोधा. कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी 'पिंग' (ping), मग आपल्या राउटरचा पत्ता (राउटरखालच्या लेबलवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग 'डॅश टी' (-t). दोन मिनिटं चालू द्या. मिलिसेकंदांचे आकडे १ ते ५ मध्ये राहिले तर घरातलं ठीक. मधेच ५०, १२० दिसले तर दोष तुमच्या वायफायचा आहे, फायबरचा नाही. मग हेच ८.८.८.८ या, गूगलच्या म्हणजे घराबाहेरच्या, पत्त्यावर करा. घरातलं ठीक आणि इथे उसळ्या, तर मात्र कंपनीला फोन करा आणि हे आकडे वाचून दाखवा. 'नेट स्लो आहे' म्हणालात की ते पुन्हा स्पीड टेस्टच करायला सांगणार.

बेळगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागलेली घरं आणि प्रत्येक घरात राउटर. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न छेडणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. सगळे त्यातच कोंबलेले. पहिला उपाय: कॅट ५ई किंवा कॅट ६ ची नेटवर्क केबल राउटरपासून सरळ लॅपटॉपला. १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला १० पुरेल. केबल शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव वेगळं करून त्यालाच जोडा, आणि राउटर टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटावरून काढा.

दुसरं नेहमीचं कारण अपलोड. घरात कोणाचा फोन लग्नाचे फोटो क्लाउडवर चढवत असेल तर तुमचं बटण त्या फोटोंच्या रांगेत मागे उभं राहतं. सामन्यापुरता तो बॅकअप थांबवा, किंवा राउटरमध्ये क्यूओएस (कोणाचा डेटा आधी जाऊ द्यायचा हे ठरवणारी सोय) असेल तर लॅपटॉपला पहिला क्रमांक द्या.

सामना जोडलाच जात नसेल तर तो वेगळा आजार. राउटरच्या पानावर वॅन पत्ता (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा. तो १०० ने सुरू होत असेल आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला अनेक ग्राहकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून काही होत नाही. सार्वजनिक आयपी मागा. बऱ्याच ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात.

लाइट एक सेकंद जाऊन आली तरी राउटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि सामना गेलेला असतो. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवा. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज द्यायची हे लोक विसरतात.

प्रश्न : गेम एकाकडेच आहे. बाकीच्यांनी विकत न घेता ऑनलाइन खेळता येईल? (खानापूर)

उत्तर : होय. स्टीमचं 'रिमोट प्ले टुगेदर' त्यासाठीच आहे. गेम तुमच्या यंत्रावर चालतो, मित्रांना त्याचा व्हिडिओ जातो आणि त्यांची बटणं तुमच्याकडे येतात. पण गेमच्या दृष्टीने सगळे एकाच खोलीत बसले आहेत, त्यामुळे रोलबॅक कामाला येत नाही. व्हिडिओचा सगळा उशीर पाहुण्याच्या वाट्याला, आणि यजमान फुकटचा बलवान. मजेसाठी ठीक. पैज लावू नका.

प्रश्न : निक वाहिनीवर आमची मुलं 'मोटू पतलू' बघतात. मग निकलोडियनच्या गेममध्ये मोटू-पतलू का नाहीत? (शिक्षिका, चिकोडी)

उत्तर : वाहिनीवर दिसणं वेगळं आणि मालकी वेगळी. मोटू-पतलू मूळचे 'लोटपोट' या मुलांच्या हिंदी नियतकालिकातले आणि त्यांची मालिका कॉसमॉस-मायाने केलेली. गेममध्ये घ्यायचे तर वेगळा करार हवा. ऑल-स्टार ब्रॉलची यादी अमेरिकेतल्या निकच्या मालिकांवर बेतलेली आहे.

उलट बाजूने बघा. गारफील्ड निकचं कार्टून नव्हतं, तरी तो या गेममध्ये आला. कारण निकलोडियनच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, व्हायकॉमने, २०१९ मध्ये गारफील्डचे हक्क विकत घेतले. निंजा कासवं २००९ मध्ये अशीच घेतलेली. 'मल्टिव्हर्सस'मध्ये बग्ज बनी आणि बॅटमॅन शेजारी उभे राहिले तेही एकाच घरमालकाचे भाडेकरू म्हणून. परवान्याच्या गेममध्ये कोण कोणाशी लढणार हे बऱ्याच अंशी वकिलाच्या टेबलावर ठरतं. मुलांना यातून हक्क म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : ऑनलाइन गेमवर बंदी आली म्हणतात. मग हे गेम खेळणं गुन्हा आहे का? (अथणी)

उत्तर : नाही. २०२५ चा केंद्राचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर आहे. गेमची किंमत किंवा पात्राचे पैसे भरणं म्हणजे डाव लावणं नव्हे.

प्रश्न : फोनवर खेळता येईल असं या जातीचं काही? (सदलगा)

उत्तर : 'ब्रॉलहल्ला'. फुकट आहे आणि ऑगस्ट २०२० पासून फोनवर आहे. मूळ पात्रं त्याची स्वतःची, पण 'अ‍ॅडव्हेंचर टाइम', 'बेन १०', निंजा कासवं, स्पंजबॉब यांचे वेश त्यावर चढवता येतात. वेश विकत मिळतो, ताकद नाही. त्यामुळे पैसे न घालणारा मागे पडत नाही. काचेवरच्या बटणांनी बोट घसरतं. ब्लूटूथ कंट्रोलर जोडला तर फरक पहिल्याच दिवशी कळेल.

प्रश्न : आमच्या गल्लीचं गणेश मंडळ यंदा मुलांसाठी एका संध्याकाळी अशी स्पर्धा घ्यायचं म्हणतंय. १६ पोरं, एक लॅपटॉप, एक मोठा टीव्ही. जमेल? (कार्यकर्ते, वडगाव)

उत्तर : जमेल, पण आधी वेळेचा हिशेब. तीन जीवांचा, एकास एक असा डाव साधारण ३-४ मिनिटं चालतो. तीनपैकी दोन जिंकायचे म्हटलं की कंट्रोलर हातात घेणं, पात्र निवडणं धरून सामना १० मिनिटांचा. बाद पद्धतीने १६ जणांत १५ सामने, म्हणजे अडीच तास. 'हरलेल्याला दुसरी संधी' दिली तर सामने ३०, आणि तीच संध्याकाळ पाच तासांची. आरती मधे येणारच. बाद पद्धतच घ्या. लवकर बाद झालेल्यांना शेवटी चौघांचा एकत्र दंगा खेळू द्या, वस्तू चालू ठेवून. मुलांना तोच जास्त आवडतो.

मुख्य सामन्यांत वस्तू बंद, वेळ ७ मिनिटं, आखाडा सपाट आणि न हलणारा. हलत्या आखाड्यावर हरलेलं पोर आखाड्याला दोष देतं, आणि त्यात तथ्यही असतं.

कंट्रोलर तारेचेच वापरा. शंभर फोनच्या गर्दीत ब्लूटूथ दगा देतं. विंडोजची एक्सइनपुट पद्धत चारच कंट्रोलर ओळखते, तेव्हा पाचवा 'राखीव' म्हणून जोडून ठेवू नका, खिशात ठेवा. एका कीबोर्डवर दोघांना बसवू नका. साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी नोंदलीच जात नाही, आणि भांडण पेटतं. जुन्या कंट्रोलरची काडी स्वतःच सरकत असेल तर सेटिंगमध्ये डेडझोन (काडी जेवढी हलली तरी गेम दुर्लक्ष करतो ती मर्यादा) १०-१५ टक्क्यांवर न्या. तरीही पात्र आपसूक चालत असेल तर तो कंट्रोलर बाद.

टीव्हीवर 'गेम मोड' लावा आणि चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाही तर बटण दाबल्यावर फटका उशिरा दिसतो. लॅपटॉप चार्जरवरच ठेवा, बॅटरीवर तो स्वतःचा वेग कमी करतो. आवाज मंडळाच्या मिक्सरला जोडल्यावर घूं घूं ऐकू आली तर चार्जर काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉप, टीव्ही आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, लाइटिंगच्या माळा वेगळ्या बोर्डावर.

गेम आणि सगळे अपडेट आदल्या दिवशी उतरवा, नेट बंद करा आणि एकदा पूर्ण सामना खेळून बघा. आपली पात्रं, सेव्ह आणि चार कंट्रोलर नेटशिवाय चालतात हे तेव्हाच कळतं.

डाव चालू असताना लाइट गेली तर तो डाव रद्द, आधी जिंकलेले डाव कायम, पात्रं तीच. हा नियम स्पर्धेआधी माईकवरून दोनदा सांगा आणि फळ्यावर लिहा.